सोलापुरातल्या सामाजिक संस्थेत कार्यक्रम आणि जनसंपर्काची इंटर्नशिप : अर्जापासून शेवटच्या दिवसापर्यंत

सामाजिक संस्थेत ‘इव्हेंट्स अँड कम्युनिकेशन्स’ची इंटर्नशिप म्हटलं की पोस्टर करणं, फोटो काढणं आणि इन्स्टाग्राम सांभाळणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग वहीत आणि फोनवर चालतो. कोणाला बोलावलं, कोण येतो म्हणालं, कोणाचं आडनाव कसं लिहायचं, कोणाच्या फोटोला संमती आहे, कोणत्या पावतीवर पॅन क्रमांक राहिला, हे सगळं नीट लिहून ठेवणारा माणूस संस्थेला हवा असतो, आणि छोट्या संस्थांमध्ये तो बहुतेक वेळा नसतोच. इंटर्न तो झाला तर दोन महिन्यांतही मोलाचं काम होतं.

बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू, पत्रकारिता, बीकॉम किंवा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला हा लेख वापरता येईल. संस्थेकडे ज्यांच्यासाठी ती काम करते त्यांचा मान आणि जे पैसे देतात त्यांचा विश्वास, या दोन गोष्टी सर्वांत महाग असतात. पुढचा प्रत्येक तपशील या दोन्हींपैकी एकीशी जोडलेला आहे.

संस्था निवडताना

विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांच्या अभ्यासिका, वृद्धाश्रम, दिव्यांगांच्या शाळा, रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करणारे गट, सांगोला-मंगळवेढा-करमाळा पट्ट्यात पाण्यावर काम करणाऱ्या संस्था, असं भरपूर वैविध्य सोलापूर जिल्ह्यात आहे. विषय आवडीचा निवडा, पण होकार देण्याआधी नोंदणी पाहा. बहुतेक संस्था सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० या दोन्हींखाली नोंदलेल्या असतात, काही कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली असतात. नोंदणी क्रमांक विचारल्यावर लगेच मिळायला हवा. एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवर जिल्ह्यानुसार संस्था शोधताही येतात.

दुसरी चौकशी आणखी महत्त्वाची: रोजचं काम तुम्हाला कोण सांगणार? ‘आम्ही सगळेच आहोत’ असं उत्तर आलं तर समजा की कोणीच नाही. एका माणसाचं नाव ठरवून घ्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास त्याच्याबरोबर बसायचं, हेही आधीच ठरवा.

महाविद्यालयाच्या क्रेडिटसाठी इंटर्नशिप करत असाल तर तास मोजावे लागतात. एका क्रेडिटला साधारण ३० तास धरले जातात, म्हणजे ४ क्रेडिटना १२० तास. रोजचं काम, वेळ आणि ठिकाण लिहिलेली वही ठेवा आणि दर शनिवारी सही घ्या. शेवटच्या आठवड्यात सगळ्या सह्या एकदम घ्यायला गेलात तर तेव्हाच नेमके पदाधिकारी बाहेरगावी असतात. मानधन बऱ्याच ठिकाणी नसतं. निदान प्रवासखर्च आणि मोबाइल डेटाचं रिचार्ज मिळेल का, हे सुरुवातीलाच विचारा. त्यात संकोच नको, कारण नंतर ते विचारणं जास्त अवघड जातं.

अर्जात काय असावं

एक पानी ईमेल पुरतो. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्यातले कोणते दिवस, कोणत्या भाषा बोलता आणि कोणत्या लिहिता, हे स्पष्ट लिहा. तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर ते वरच्या दोन ओळींतच यावं. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात किंवा अक्कलकोट, दक्षिण सोलापूर तालुक्यांत काम करणाऱ्या संस्थेला याची किंमत कोणत्याही सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त असते. सोबत तीन नमुने जोडा: २०० शब्दांची एक मराठी बातमी, ६० शब्दांचा एक व्हॉट्सॲप संदेश आणि एक साधं पोस्टर. नमुने काल्पनिक कार्यक्रमाचे चालतील, शुद्धलेखन मात्र चोख हवं.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात काही प्रसिद्ध करायची घाई करू नका. मागच्या दोन वर्षांचे वार्षिक अहवाल वाचा. लेखापाल, क्षेत्रावर जाणारा कार्यकर्ता, एक विश्वस्त आणि कार्यालयाची चावी सांभाळणारे मामा किंवा मावशी यांच्याशी स्वतंत्र बोला. सभागृहाचा चांगला माणूस कोण, मंडपवाला कोण, कोणत्या दुकानातलं बिल वेळेवर मिळतं, हे बहुधा चावी सांभाळणाऱ्यांनाच माहीत असतं.

मग दोन कागद तयार करा. पहिला संस्थेची ओळख देणारा एक पानी मजकूर: स्थापनेचं वर्ष, नोंदणी क्रमांक, कामाची गावं किंवा पेठा, सध्याच्या लाभार्थ्यांचा खरा आकडा, संपर्क. हा मजकूर पुढे बातमीत, पत्रात आणि सूत्रसंचालनात वापरला जाईल, म्हणून विश्वस्तांकडून तपासून घ्या. तीन अहवालांत तीन वेगळे आकडे सापडणं अगदी सामान्य आहे. कोणता बरोबर ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा कागद नावांचा. यन्नम, चिप्पा, बोल्ली, गड्डम, बिराजदार, हिरेमठ, शेख, बागवान अशी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली आडनावं सोलापुरात एकाच व्यासपीठावर असतात. त्यांतलं एखादं निमंत्रणपत्रिकेवर चुकलं तर त्या माणसाला आपण इथे परके आहोत असं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. देवनागरी लेखन, हुद्दा, उच्चार आणि फोन असे चार रकाने करा. शंका असेल तर फोन करून त्यांच्याकडूनच संदेशात नाव लिहून मागा.

तारीख ठरवताना

सोलापूरचं कॅलेंडर भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा वेगळं आहे. १२ जानेवारी हा चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. शहरातले मान्यवर त्या दिवशी अभिवादनाच्या कार्यक्रमांत असतात. लगेच मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रा, म्हणजे गड्डा, सुरू होते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहराच्या मध्यभागातली वाहतूक वळवली जाते आणि मंडप, ध्वनिक्षेपक, रिक्षा सगळ्यांचे दर चढतात. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय रथोत्सव असतो, त्या दिवशी तिथली घरं तुमच्या कार्यक्रमाला येणार नाहीत. आषाढी वारीच्या आधीचे दोन-तीन आठवडे महसूल आणि पोलिस अधिकारी पंढरपूरच्या बंदोबस्तात गुंतलेले असतात. त्या काळात एखाद्या अधिकाऱ्याला प्रमुख पाहुणे ठरवलंत तर ऐनवेळी खुर्ची रिकामी राहण्याची तयारी ठेवा.

एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांच्या वर जातं. उघड्यावरचा कार्यक्रम या दिवसांत संध्याकाळी साडेसहाच्या आधी ठेवूच नये. दुपारी मुलांना किंवा वृद्धांना रिक्षातून आणून बसवणं धोक्याचं आहे, मग पाहुण्यांच्या सोयीची वेळ कोणतीही असो.

विडी कामगार महिलांसाठी कार्यक्रम असेल तर त्यांची कारखान्यात माल द्यायला जायची वेळ आधी विचारा. घरी वळलेल्या विड्या देऊन, मोजून, पुढची तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन परत येईपर्यंत त्या मोकळ्या नसतात. ती वेळ ओलांडून बोलावलं तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि मग संस्थेवर ‘बायका येत नाहीत’ असा शेरा मारायची वेळ येते. वस्तीतल्या दोघी-तिघींना विचारून वेळ ठरवली की हा प्रश्न राहत नाही.

सभागृह, पाणी, चहा

दोनशे माणसांच्या वर्धापनदिनाचं किंवा देणगीदार मेळाव्याचं उदाहरण घेऊ. तयारीला ४५ दिवस हवेत. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह अशी परिचित ठिकाणं शनिवार-रविवारी लवकर भरतात, म्हणून पाहुण्यांच्या आधी सभागृहाची तारीख पाहा. उलट क्रम केला की पाहुण्यांना दोनदा तारीख बदलून सांगावी लागते.

भाडं विचारताना आणखी काही गोष्टी लेखी घ्या: अनामत किती आणि परत कधी, ध्वनियंत्रणा भाड्यात आहे का, वीज गेली तर जनरेटर आहे का आणि त्याचं डिझेल कोणाचं, स्वच्छतेचं शुल्क वेगळं का, सजावटीसाठी किती तास आधी दार उघडतील. मग स्वतः जाऊन चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का आणि स्वच्छतागृह किती पायऱ्या खाली आहे, हे पाहा. दिव्यांग मुलांचा सत्कार आणि व्यासपीठाला सात पायऱ्या, असं घडतं. मुलाला उचलून वर नेण्यापेक्षा पाहुण्यांनी खाली यावं. तसं कार्यक्रमपत्रिकेतच लिहा.

शहरात पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येणाऱ्या भागात सभागृहाची टाकी आदल्या दिवशी भरलेली आहे का, हे विचारायला विसरू नका. पिण्यासाठी दोन तासांच्या कार्यक्रमाला माणशी अर्धा लिटर, म्हणजे १०० लिटर धरा. २० लिटरचे ५ जार होतात. उन्हाळ्यात दुप्पट, १० जार. चहाचा कप ८० मिलीचा धरला तर २०० जणांना १६ लिटर लागतो, दुसऱ्यांदा घेणारे धरून १८ लिटर सांगा. अल्पोपाहाराची पाकिटं पक्क्या आकड्यावर दहा टक्के वाढवून सांगा, आणि मुलांची पाकिटं वेगळ्या टेबलावर ठेवा. मोठ्यांच्या रांगेत मुलं मागे ढकलली जातात.

पक्का आकडा कसा काढायचा? निमंत्रण दिलं हा एक रकाना, फोनवर येतो म्हणाले हा दुसरा, किती जण येणार हा तिसरा. छापील पत्रिका १२ दिवस आधी पोहोचवा, फोन ४ दिवस आधी करा, आठवणीचा संदेश आदल्या दिवशी सकाळी पाठवा. खुर्च्या तिसऱ्या रकान्याच्या बेरजेवर मागवा. रिकाम्या खुर्च्यांचे फोटो वाईट दिसतात, म्हणून वीस-पंचवीस खुर्च्या कोपऱ्यात रचून ठेवा आणि गरज पडली तर मांडा.

ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र धरलं जातं. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा किंवा फेरी काढायची तर पोलिसांकडे लेखी अर्ज किमान १५ दिवस आधी द्या आणि पोहोच घेतलेली प्रत कार्यक्रमाच्या दिवशी खिशात ठेवा. माइक तीन हवेत: व्यासपीठावर तारेचा एक, हातातले बिनतारी दोन. बिनतारी माइकचे सेल सर्वांत आधी दगा देतात. चार नवे पेन्सिल सेल स्वतःच्या पिशवीत ठेवा.

बॅनर आणि मराठी अक्षरं

बहुतेक फ्लेक्सवाल्यांकडे कोरल ड्रॉ आणि श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर तिथे चिकटवला की रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, ‘ज्ञ’ आणि ‘र्‍ह’ विचित्र होतात. दुकानदार घाईत हाताने पुन्हा टाइप करतो आणि नेमकी तिथे नावं चुकतात. म्हणून अंतिम रचना पीडीएफमध्ये द्या आणि त्यातली अक्षरं ‘कर्व्ह’ करून, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृत्यांत बदलून घ्या. छपाईआधी पडद्याचा फोटो मागवा आणि नावांच्या कागदाशी एकेक अक्षर ताडून पाहा. हे काम दोघांनी करावं: एकाने वाचायचं, दुसऱ्याने कागद धरायचा.

मंचामागचा बॅनर १२ बाय ६ फूट पुरतो. अक्षराची उंची दर १० फूट अंतराला एक इंच या हिशेबाने ठरवा. शेवटची रांग ६० फुटांवर असेल तर मुख्य ओळ किमान ६ इंच. देणगीदारांची १४ बोधचिन्हं आणि नऊ छायाचित्रं घातली की काहीच वाचता येत नाही, तरी प्रत्येक वेळी कोणीतरी ती घालायला सांगतंच. बोधचिन्हांचा वेगळा उभा फलक दाराशी लावण्याचा पर्याय विश्वस्तांना द्या. वर्ष न घातलेला कापडी बॅनर पुढच्या वर्षीही वापरता येतो, आणि कापडाच्या गावात तो करून देणारे शोधायला लांब जावं लागत नाही. तसंच सत्काराला पुष्पगुच्छाऐवजी सोलापुरी टॉवेल किंवा चादर द्यावी. गुच्छ गाडीतच सुकतो. चादर वर्षानुवर्षं त्या घरात राहते, आणि पैसा इथल्या मागावरच्या माणसाकडे जातो.

मंचावरची नव्वद मिनिटं

कार्यक्रमपत्रिका मिनिटांत लिहा. दीपप्रज्वलन ५, स्वागतगीत ५, प्रास्ताविक १०, सत्कार १५, मुलांचं सादरीकरण १५, लाभार्थी आणि देणगीदार यांची मनोगतं १०, प्रमुख पाहुणे २०, अध्यक्ष ५, आभार ५. बेरीज ९०. कार्यक्रम लांबतो तो भाषणांनी, असा समज आहे. खरा वेळ सत्कारात जातो. नाव पुकारणं, माणूस वर येणं, शाल किंवा टॉवेल, फोटो, खाली जाणं, याला एकामागे दीड मिनिट लागतं. पंधरा मिनिटांत दहा सत्कार बसतात. यादी वीसवर गेली की तीस मिनिटं, आणि शेवटी कापलं जातं ते मुलांचं सादरीकरण. ज्यांनी महिनाभर सराव केला त्यांनाच ‘वेळेअभावी’ सांगावं लागतं. म्हणून मुलांचं सादरीकरण सत्कारांच्या आधी घ्या आणि दहापुढचे सत्कार खाली, प्रेक्षकांत जाऊन करा.

प्रमुख पाहुण्यांना २० मिनिटं दिलेली आहेत, हे पत्रात लिहा आणि आदल्या दिवशी फोनवर पुन्हा सांगा. सूत्रसंचालकाच्या कागदावर प्रत्येक नावापुढे उच्चार लिहिलेला असावा. पाहुणे उशिरा आले तर मुलांना ताटकळत ठेवू नका, स्वागतगीत आणि प्रास्ताविक ठरल्या वेळी सुरू करा.

त्या दिवशी बरोबर न्यायच्या पिशवीत हे असू द्या: कात्री, सुतळी, चिकटपट्टी, सेफ्टी पिन, मार्कर, काडेपेटी, वात आणि तेल, एक्स्टेंशन बोर्ड, पॉवर बँक, सुटे पैसे, पावतीपुस्तक, ओआरएसची पाकिटं, प्रथमोपचार पेटी, छापील फोनयादी. समई येते आणि काडेपेटी कोणाकडेच नसते, हा अनुभव प्रत्येक संस्थेला असतो.

रक्तदान शिबिर असेल तर

सोलापुरात संस्थांकडून सर्वाधिक होणाऱ्या कार्यक्रमांपैकी हा एक. नियम रक्तपेढी पाळतेच, पण आवाहनाचा मजकूर तुम्ही लिहिणार असल्याने ते तुम्हालाही ठाऊक हवेत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम. दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० दिवस आणि महिलांसाठी १२० दिवसांचं अंतर. उपाशीपोटी येऊ नका, हे आवाहनात ठळक लिहा. रक्तपेढी डॉक्टर, तंत्रज्ञ, खाटा आणि पिशव्या आणते. आपल्याकडून हवेशीर जागा, टेबल-खुर्च्या, वीज, पाणी, अल्पोपाहार आणि विश्रांतीची जागा लागते. अपेक्षित दात्यांचा आकडा फुगवून सांगू नका, त्यावरून पिशव्या आणि माणसं ठरतात.

हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्यांशी, विशेषतः महिलांशी, कोण बोलणार हे आधी ठरवा. रांगेतून ‘तुमचं चालणार नाही’ असं ओरडून सांगितलेली बाई पुन्हा कधी येत नाही. बाजूला घेऊन, पाणी देऊन, जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीसाठी कुठे जायचं ते सांगावं. रक्तदानाच्या बदल्यात वस्तूंचं आमिष दाखवणारा मजकूर लिहू नका. भेटीच्या ओढीने आलेला माणूस आपलं आजारपण लपवू शकतो आणि त्याचा धोका रुग्णाला पोहोचतो.

वृत्तपत्रात बातमी

शहरात ‘संचार’, ‘सकाळ’, ‘लोकमत’, ‘पुढारी’, ‘दिव्य मराठी’, ‘तरुण भारत’ अशी दैनिकं वाचली जातात. शिवाय आकाशवाणीचं सोलापूर केंद्र आहे. आकाशवाणीला कार्यक्रमाची माहिती आठवडाभर आधी लेखी द्या. वृत्तपत्रांना निमंत्रण दोन दिवस आधी, आणि बातमी त्याच दिवशी शक्यतो पाचपर्यंत पोहोचवा. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर बातमीचा कच्चा मजकूर दुपारीच तयार ठेवा आणि फक्त आकडे व उद्धरणं भरून पाठवा.

लांबी २०० ते २५० शब्द. मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलच्या आतच लिहिलेला. पीडीएफ किंवा मजकुराचा फोटो पाठवला तर उपसंपादकाला तो पुन्हा टाइप करावा लागतो आणि बातमी मागे पडते. पहिल्या वाक्यावर सगळं अवलंबून असतं. ‘मोठ्या उत्साहात व आनंदी वातावरणात शैक्षणिक साहित्य वाटप कार्यक्रम संपन्न झाला’ या वाक्यात एकही बातमी नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘सोलापूर, ता. १५ : विडी कामगारांच्या ८४ मुलांना रविवारी वर्षभराच्या वह्या, दप्तर आणि कंपासपेटी मिळाली. नववी-दहावीच्या ३१ मुलांसाठी याच आठवड्यात संध्याकाळची अभ्यासिका सुरू होत आहे.’ पाहुण्यांची नावं तिसऱ्या परिच्छेदात. फोटोच्या ओळीत ‘डावीकडून’ लिहून नावं द्या आणि फोटो मूळ आकारात जोडा. रात्री आठला ‘छापताय ना?’ असा फोन करू नका, पान लावायची ती वेळ असते.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांचीच होते, आणि ज्यांनी संस्थेचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश जातो. त्यामुळे प्रवेशद्वारावर नोंदवहीशेजारी संस्थेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा आणि जतन करायला सांगा. तेलुगू, कन्नड किंवा उर्दूतला संदेश यंत्राकडून भाषांतर करून तसाच पाठवू नका. त्या भाषेच्या घरातल्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. तो अडखळला तिथे वाक्य बदला.

फोटो आणि संमती

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, तेही चांगल्या हेतूने. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम २३ ने मनाई आहे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांनाही हेच संरक्षण देतं. ओळख म्हणजे फक्त चेहरा आणि नाव नव्हे. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, गल्लीची पाटी, आईचं नाव यांवरूनही मूल ओळखता येतं. बालगृहातल्या मुलांचे चेहरे दिसणारे फोटो कुठेही टाकू नका, अगदी तुमच्या स्वतःच्या स्टेटसवरही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची माहिती तर संस्थेच्या आतही मोजक्या माणसांपुरती राहिली पाहिजे.

इतरांसाठी संमतीपत्र हवं, मुलांच्या बाबतीत पालकांचं. त्यात फोटो कशासाठी, कुठे छापणार, संमती कधीही मागे घेता येईल, आणि नाही म्हटलं तरी मदत थांबणार नाही, या चार गोष्टी त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घ्या. शेवटची अट तोंडी पुन्हा सांगा. दप्तर हातात घेतलेली आई ‘नको’ म्हणायला कचरते, म्हणून संमती वाटपाच्या आदल्या भेटीत घ्यावी, वाटपाच्या रांगेत नव्हे.

काय टिपावं? वही हातात देताना पाहुण्यांकडे वळलेल्या मुलाचा फोटो टाळा. त्याच मुलाचा अभ्यासिकेत गणित सोडवतानाचा मागून किंवा बाजूने घेतलेला फोटो जास्त सांगून जातो. संस्थेच्या कामाचे फोटो, म्हणजे शिक्षिका, स्वयंपाकघर, पुस्तकांचं कपाट, यांना संमतीची अडचण कमी आणि माहिती जास्त.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी देणाऱ्या कंपन्या अहवालासाठी जागेचे अक्षांश-रेखांश छापलेले फोटो मागतात. ते फोटो अहवालाच्या फोल्डरमध्येच राहावेत. महिलांच्या निवाऱ्याचा किंवा बालगृहाचा असा एक फोटो समाजमाध्यमावर गेला तर पत्ता सगळ्यांना मिळतो. फोल्डर दोन करा: ‘अहवालासाठी’ आणि ‘प्रसिद्धीसाठी’. दुसऱ्यात फोटो टाकताना संमतीपत्राचा क्रमांक फाइलच्या नावातच लिहा.

देणगीची बाजू

पोस्टरवरचा क्यूआर कोड संस्थेच्या नावाच्या बँक खात्याचाच असला पाहिजे. पदाधिकाऱ्याच्या किंवा तुमच्या वैयक्तिक खात्याचा कोड एक तासही लावू नका. छपाईआधी एक रुपया पाठवून खात्याचं नाव दिसतं ते पाहा. पावतीसाठी पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन घ्या. आयकराच्या ८०जी सवलतीसाठी संस्थेकडे वैध मंजुरी हवी, आणि २,००० रुपयांहून मोठ्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. हे दात्याला आधीच सांगा. वर्ष संपल्यावर संस्था आयकर पोर्टलवर देणग्यांचं विवरण भरते आणि त्यातून प्रमाणपत्र निघतं. पॅन चुकला तर प्रमाणपत्र अडतं आणि दाता जूनमध्ये चिडून फोन करतो. परदेशी नागरिकाची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय आणि त्यासाठीच्या ठरलेल्या खात्याशिवाय घेता येत नाही. असा कोणी पुढे आला तर ‘लेखापालांशी जोडून देतो’ एवढंच बोला.

कार्यक्रमानंतरचा आठवडा

चोवीस तासांत आभाराचे संदेश. सगळ्यांना एकच मजकूर न पाठवता पाहुणे, देणगीदार, स्वयंसेवक आणि सभागृहाचे कर्मचारी यांना वेगळा. तीन दिवसांत बिलं. प्रत्येक बिल संस्थेच्या नावे हवं, ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट हवं, आणि एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नये. मंडपवाल्याचं बिल महिन्याने मागितलं तर मिळतं, पण तारीख आणि रक्कम जुळत नाही आणि लेखापरीक्षणात ते अडकतं.

सात दिवसांत दोन पानी अहवाल: किती आले, किती अपेक्षित होते, खर्चाचा अंदाज आणि प्रत्यक्ष, कुठे वेळ गेला, काय उरलं. पाकिटं चाळीस उरली असतील तर तसं लिहा. पुढच्या वर्षीचा आकडा तिथूनच निघतो.

तुमच्या स्वतःसाठी

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवक महिलांनाही लागू आहे, मानधन असो वा नसो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार ऐकते. समितीतल्या सदस्यांची नावं पहिल्या आठवड्यातच विचारा. रात्री कार्यक्रम संपल्यावर घरी पोहोचवण्याची सोय कोणाची, हेही.

तीन आठवडे नुसती माहिती भरण्याचंच काम मिळत असेल तर तक्रारीच्या सुरात न बोलता एक नेमकं काम मागा: ‘पुढच्या शिबिराची बातमी मी लिहू का?’ संस्थाचालक बहुतेक वेळा वेळेअभावी काम वाटून देत नाहीत. नेमकी मागणी आली की ते मोकळे होतात.

निघण्याच्या आठवड्यात समाजमाध्यमांचे पासवर्ड संस्थेच्या ईमेलवर वळवून तुमचा मोबाइल क्रमांक काढून टाका. कार्यक्रमाचे फोटो आणि संमतीपत्रांच्या प्रती संस्थेच्या संगणकावर ठेवून स्वतःच्या फोनमधून पुसा, गूगल फोटोजच्या बॅकअपमधूनही. नावांचा कागद, पुरवठादारांची यादी, कार्यक्रमांचे अहवाल आणि सध्या अर्धवट राहिलेली कामं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ते उघडून मार्गदर्शकाबरोबर तासभर बसा. अनुभवपत्रात फक्त ‘काम समाधानकारक’ असं न घेता, केलेले कार्यक्रम, लिहिलेल्या बातम्या आणि एकूण तास नमूद करून घ्या. मजकूर तुम्हीच तयार करून दिलात तर त्याच दिवशी लेटरहेडवर सही होऊन मिळतो.